नवरा-बायकोत कसला आलाय हिशोब?



परवा नातवाने दोन महायुद्धांमधल्या जर्मन छायाचित्रांचं एक पुस्तक आणून दिलं. त्या काळी जर्मनीतल्या लोकांनी काय काय करून पाहिलं आहे! कॅमेराच नाही. प्रकाशाने काळ्या पडणाऱ्या कागदावर वस्तू ठेवायच्या आणि वरून उजेड सोडायचा. वस्तू उचलल्या की त्यांच्या पांढऱ्या सावल्या उरतात. याला म्हणतात फोटोग्राम. खाली नाव एकच, लास्लो मोहोली-नाज.

पण १९२२ पासून हे प्रयोग तो आणि त्याची बायको लुसिया जोडीने करत होते. छायाचित्रणाचं तंत्र शिकलेली ती होती. तो हंगेरियन, त्याचं जर्मन कच्चं. ती प्रागची, जर्मन भाषिक. १९२५ च्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकाच्या मजकुरावरून तिचाच हात फिरला होता. मुखपृष्ठावर नाव मात्र त्याचं!

एका स्नेह्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "अहो सर, नवरा-बायकोत कसला आलाय हिशोब?"

बरं, नवऱ्याचं सोडा. देसाऊची बाउहाउस कलाशाळा जगाने पाहिली ती मुख्यतः लुसियाच्या छायाचित्रांतून. १९३३ मध्ये नाझींच्या भीतीने तिला जर्मनी सोडावी लागली. काचेच्या सुमारे ५६० निगेटिव्ह मागे राहिल्या आणि पुढे त्या बाउहाउसचे संस्थापक ग्रोपियस यांच्याकडे अमेरिकेत पोचल्या. १९३८ च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाच्या पुस्तकात तिची छायाचित्रं छापली गेली, तिच्या नावाशिवाय. ती लंडनमध्ये पोटापाण्यासाठी धडपडत होती आणि ज्या कामावर तिला मान मिळायचा, पैसे मिळायचे, ते दुसऱ्याच्या कपाटात! शेवटी वकील गाठावा लागला. १९५७ मध्ये २३० निगेटिव्ह परत मिळाल्या. हा काही नवरा-बायकोतला मामला नव्हे ना?

कोणी म्हणेल, तिने फक्त नोंद केली, प्रतिभा त्यांची. हे मला मुळीच पटत नाही. कुठे उभं राहायचं, किती वाजताचं ऊन धरायचं, हे इमारत सांगत नाही. ते बघणाऱ्याला कळावं लागतं.

लास्लोला कमी लेखा असं मी म्हणत नाही. दोघांनी सोडवलेल्या गणिताखाली दोन नावं लिहा, एवढंच. शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवणाऱ्या पोराला मी वर्गात उभं केलं आहे. मोठ्या माणसांना वेगळा नियम कशाला?

आता घरचं सांगतो. माझ्या व्याकरणाच्या पुस्तिकेतली निम्मी उदाहरणं हिची आहेत, मुद्रितं तपासली तीही हिनेच. वर नाव माझं एकट्याचं. 'सहकार्याबद्दल आभार' एवढी ओळसुद्धा नाही. पुस्तक मिटल्यावर हिला तसं म्हटलं, तर हसून म्हणाली, "आठवलं म्हणायचं एकदाचं!"

हिला हिशोब ठाऊक होता. तो मांडायला मलाच इतकी वर्षं लागली.

असो. नातेवाईकहो, ती पुस्तिका तुमच्या घरी असेल तर माझ्या नावाखाली पेनाने हिचं नाव लिहा. आजच.