बाबांची डायरी आणि पावणेसतराचा अ‍ॅव्हरेज

नवी गाडी घेतली की कोल्हापुरात पेढा तोंडात जायच्या आधी एक प्रश्न येतो, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' रंग, म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर वगैरे सगळं नंतर. टाकी फुल्ल केली की किलोमीटर आणि लिटर डायरीत टिपून ठेवणारी जी एक जमात आहे ना, आमचे बाबा त्यातले. मागच्या जुलैत त्यांनी ती डायरी माझ्यासमोर नाचवली. 'बघ, हे टायर घातले तेव्हा सोळा देत होती. आता पावणेसतरा! याला म्हणायचं टायर.'

टायर घेताना दुकानदाराने 'लाँग लाइफ' आणि 'फ्युएल सेव्हर' अशी दोन्ही विशेषणं लावून दिलेले. साडेसहा वर्षं झाली होती, ७० हजार किलोमीटर. पंक्चर फक्त दोन. बाबा खूश, मीही खूश. त्याच शनिवारी भाजलेलं कणीस खायला आम्ही गगनबावड्याला निघालो.

असळजच्या पुढे पावसाने झोडपायला सुरुवात केली. वळण संपलं आणि रस्त्याच्या मधोमध एक म्हैस. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी नुसती सरकत राहिली, आवाज नाही, काही नाही. म्हशीपासून हातभर अंतरावर थांबलो. तिने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. आई मात्र मागच्या सीटवर गप्प झाली ती घरी येईपर्यंत गप्पच होती. कणीस राहिलं ते राहिलंच.

सोमवारी उद्यमनगरात टायरवाल्याकडे गेलो. बाबांनी आधी अ‍ॅव्हरेजचं कौतुक सांगितलं. त्याने खाली बसून टायरच्या खाचेत बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, 'ताई, अ‍ॅव्हरेज वाढला नाही, टायर संपलाय.'

मला वाटलं, काहीतरी विकायचंय याला. मग बसून सगळे फंडे क्लिअर करून घेतले, तर गडी शंभर टक्के बरोबर निघाला.

टायर फिरताना रबर दबतं आणि परत फुगतं. या दबण्या-फुगण्यात थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. त्यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. टायर झिजला की दबायला रबरच कमी उरतं, म्हणून झिजका टायर नव्यापेक्षा हलका पळतो. दुसरी गंमत आणखी भारी. छोट्या गाडीच्या चाकाची त्रिज्या असते साधारण २८ सेंटीमीटर. त्यातले पाच-साडेपाच मिलिमीटर घासले गेले की चाक लहान होतं, तेवढ्याच अंतराला जास्त फेऱ्या मारतं आणि मीटर जवळपास दोन टक्के जास्त किलोमीटर दाखवतं. म्हणजे डायरीतले काही किलोमीटर आम्ही कधी गेलोच नव्हतो!

म्हणूनच नवे टायर घातलेले लोक 'अ‍ॅव्हरेज पडला राव' म्हणून दुकानदाराशी भांडतात. पुण्यात आयटीत असलेला माझा एक मित्र दर शुक्रवारी रात्री कोल्हापूरला येतो, तोही असाच वैतागला होता. पण त्याचे जुने टायर ८० हजार टिकलेले. त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे टायर आमच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्या काकांच्या गाडीला ५० हजारात गेले. मित्राचा सरळ हायवे, गाडीत एकटा. काकांना आंबा घाट, सात माणसं आणि कॅरियरवर बॅगा. 'एवढे किलोमीटर टिकतो' हे कोणी सांगितलं की विचारा, कुठल्या रस्त्यावर?

हिशेबही करून बघू. वर्षाला १२ हजार किलोमीटर, १६ चा अ‍ॅव्हरेज, म्हणजे ७५० लिटर. चांगल्या टायरने तीन टक्के वाचले असं धरलं तर साडेबावीस लिटर. लिटरला शंभर रुपये धरा, महिन्याला दोनशेसुद्धा होत नाहीत. एवढ्यात तांबडा-पांढऱ्याची थाळी येणार नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर हे दोनशेही गेलेच. हवा गाडी थंड असताना, सकाळीच बघायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, पंपावरच्या पोराला विचारायची गरज नाही.

याचा अर्थ फ्युएल सेव्हर म्हणजे सगळी बंडलबाजी, असं अजिबात नाही. पूर्वी रोलिंग रेझिस्टन्स कमी केला की ओल्या रस्त्यावरची पकड जायची. १९९२ मध्ये मिशेलिनने रबरात कार्बन ब्लॅकच्या जोडीला सिलिका घातलेला टायर आणला आणि दोन्ही बऱ्यापैकी एकत्र जमायला लागलं. आपल्याकडे केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये नियम काढला. रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज, तिन्हीला मर्यादा घातल्या. नव्या डिझाइनच्या टायरना तो १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला. मात्र टायर किती टिकेल याची परीक्षा त्यात नाही. तो आकडा जाहिरातीतला.

आणि आपल्याकडे प्रश्न टिकण्यापेक्षा पकडीचाच जास्त. चार महिने पाऊस, वीकेंडला घाट, रस्त्यावर म्हशी. कारच्या टायरची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर. खाचांमध्ये तेवढ्याच उंचीचे बारीक उंचवटे असतात, रबर घासून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बाद. आमचा तिथे पोहोचून बरेच दिवस झाले असणार. पण पाणी बाहेर फेकायची ताकद त्याच्या आधीच कमी होत जाते, म्हणून टायरवाला म्हणाला, 'पावसाळ्यात तीन मिलिमीटरलाच बदला.' हे मी त्याच्या धंद्याचं बोलणं समजले असते, पण म्हैस आठवली.

नवे टायर घेताना बाबांनी बाजूवरचे चार आकडे चष्मा लावून वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन टायर जुन्या तारखेचे निघाले, ते बदलून घेतले. उंचवटे कुठे आहेत तेही खडूने खूण करून घेतलं.

त्यानंतरच्या पहिल्या टाकीला डायरीत आकडा पडला, १५.८. पुढे बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'एसी चालू होता.'