तारीफ पुरे, फोटो बघा

मोहल्ल्यातला एखादा पोरगा रस्त्यावर टिपलेल्या फोटोंची फाइल घेऊन दाखवायला येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला दोनच अभिप्राय येतात. एक, ‘माशाअल्लाह, क्या बात है!’ दुसरा, ‘आपली गटारं जगाला कशाला दाखवतोस?’ आम्हाला हे दोन्ही अभिप्राय मान्य नाहीत. पहिला देणाऱ्याला पोराच्या अब्बांची ओळख जपायची असते, दुसऱ्याला कौमची इज्जत. फोटो दोघांनीही पाहिलेला नसतो.

मोहल्ल्याबाहेर तिसरा अभिप्राय तयारच असतो : ‘यात मुस्लिम वातावरण कुठे आहे?’ म्हणजे बुरखा हवा, जाळीदार टोपी हवी, मागे मिनार हवा. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीची रोषणाई आणि मालपुव्याची कढई टिपणाऱ्यांची काय झुंबड उडते! उरलेले अकरा महिने त्याच रस्त्यावर हातगाडीवाला चिठ्ठीवरचा पत्ता वाचत उभा असतो, शाळेतून परतणारी मुलगी उड्डाणपुलाखाली चप्पल शिवून घेत असते. तो फोटो म्हणे पुरेसा ‘मुस्लिम’ नाही! याला समीक्षा म्हणायचं की गिऱ्हाइकाची ऑर्डर?

खरा अभिप्राय बोट ठेवून बोलतो. ‘हा चेहरा मागच्या खांबात घुसलाय, एक पाऊल डावीकडे सरकायचं होतंस. हे तीन फोटो एकच गोष्ट सांगतात, दोन काढ.’ काढून टाकण्याचा सल्ला सर्वांत जास्त झोंबतो. पण रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे २७,००० फोटो काढले आणि ‘द अमेरिकन्स’मध्ये ठेवले फक्त ८३. १९५९ मध्ये ते पुस्तक अमेरिकेत निघालं तेव्हा देशाची बदनामी केल्याची ओरड तिथेही झालीच. गटारांची लाज काही आपल्याच मोहल्ल्याची मक्तेदारी नाही.

घेणाऱ्यानेही जरा गप्प बसावं. फोटो पुढे करताच ‘त्या दिवशी पाऊस होता, गर्दी होती’ ही कहाणी सुरू होते. पाहणाऱ्यापुढे फक्त चौकट असते. गॅरी विनोग्रँड रोल धुवायला मुद्दाम उशीर लावायचा, टिपतानाची धुंदी उतरल्याशिवाय निवड नीट होत नाही म्हणून. मोबाइलवर टिपून त्याच मिनिटाला शाबासकी मागणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.

इज्जतीचा प्रश्न आम्ही झटकत नाही. मात्र ती इज्जत कौमची नव्हे, फोटोतल्या माणसाची. फूटपाथवर झोपलेल्या हमालाचा चेहरा जवळून घेतलाय, तोंड उघडं, लुंगी सरकलेली. तिथे प्रकाशाची तारीफ करू नका. ‘बेटा, हा जागा असता तर तू कॅमेरा उचलला असतास का?’ असं विचारा. आणि चहा मागवा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल.