पायरी चढा, पण बेताने!

मैत्रिणींनो, ‘दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला?’ असं मीही म्हणत असे. पण जळगावहून धुळ्याला नणंदेकडे गेले आणि दोन जिने चढताच धाप लागली. मनात म्हटलं, स्टेप एरोबिक्स करून बघूच.

पहिल्याच दिवशी चुकले. जेवणाचा पाट मांडला आणि व्हिडिओतल्या मुलीच्या वेगाने चढउतार सुरू केली. पाट सरकला, गुडघा मुरगळला. आठ दिवस मांडी घालता येईना! गंमत म्हणजे हा व्यायाम निघाला तोच गुडघ्यासाठी. अमेरिकेतल्या व्यायामशिक्षिका जिन मिलर यांनी दुखावलेला गुडघा पायरीवर चढउतार करून बळकट केला. त्यातूनच १९८९च्या सुमारास ही पद्धत आली.

आता मी ओट्याची बुटकी, पक्की पायरी वापरते. उंची ४ ते ६ इंच पुरे. संपूर्ण पाऊल पायरीवर टेकवावे, टाच अधांतरी नको. उतरताना पायरीलगतच उतरावे. मिनिटभराने पुढचा पाय बदलावा. साडीचा घोळ आणि ओली फरशी टाळावी. सुरुवातीला ५ ते १० मिनिटेच. बोलता येईल इतपतच धाप लागू द्यावी. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा व्यायाम पहाटेच उरकावा. गुडघे दुखत असतील किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे.

परवा पुन्हा धुळ्याला गेले. नणंद म्हणाली, “वहिनी, आज जिन्यात थांबला नाहीत!”