शाळिग्रामाचं वय पुराणात सापडत नाही

दिवाळी सरली की ठाकुर्लीच्या सोसायट्यांत तुळशीची लग्नं लागतात. ज्यांना लावायची त्यांनी लावावीत. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतली मुलंही 'मजा म्हणून' अक्षता टाकायला जातात, तेव्हा आम्हाला बोलावं लागतं.

कथा काय? विष्णूने जालंधराचं रूप घेऊन वृंदेला फसवलं, तिच्या शापाने तो दगड झाला. म्हणजे फसवलेल्या बाईचं फसवणाऱ्याशीच दरवर्षी लग्न! यात मजा कसली?

आणि तो दगड? तो येतो नेपाळच्या काली गंडकीच्या पात्रातून. फोडला की आत दिसणारं 'चक्र' हे अमोनाइटचं कवच, म्हाकुळाच्या कुळातल्या समुद्री प्राण्याचं. आज जिथे हिमालय आहे तिथे तेव्हा टेथिस समुद्र होता. गाळात रुतलेली कवचं दगड झाली, समुद्रतळ उचलला जाऊन डोंगर झाला.

अमोनाइट भूवैज्ञानिकांच्या कामाचे, कारण त्यांच्या जाती भराभर बदलत, थोडाच काळ टिकत आणि दूरदूरच्या समुद्रांत पसरत. दोन देशांतल्या थरांत एकच जात सापडली, तर ते थर साधारण एकाच काळातले. "जीवाश्मावरून खडक, खडकावरून जीवाश्म, ही तर गोल फिरवाफिरवी," असं काही जण म्हणतात. तसं नाही. आधी खालचा थर जुना, वरचा नवा हा क्रम लागतो. वर्षांचा आकडा मधल्या ज्वालामुखी राखेतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून येतो. शाळिग्राम बहुतेक जुरासिक काळातले, म्हणजे चौदा कोटी वर्षांपेक्षा जुने. तेव्हा माणूसच नव्हता, मग शाप कोणी दिला?

जीवाश्मांवरून थर ओळखण्याची रीत इंग्लंडमध्ये रुजवली विल्यम स्मिथने. लोहाराचा पोर, कालव्यांसाठी जमीन मोजणारा. 1815 साली त्याने देशाचा भूवैज्ञानिक नकाशा छापला. 1807 साली स्थापन झालेल्या जिऑलॉजिकल सोसायटीतल्या उमरावांनी त्याला दूर ठेवलं, स्वतःचा नकाशा काढला. स्मिथ 1819 साली कर्जापायी तुरुंगात गेला. त्याच सोसायटीने 1831 साली त्याला पदक दिलं. कष्टकऱ्याचं ज्ञान आधी नाकारायचं, मग गौरवायचं, हे आपल्याला नवीन नाही.

आता घराजवळचं. ठाकुर्लीचा काळा दगड बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. उल्हास खाडीत शिंपले मिळतात, या दगडाच्या पोटात नाहीत. का नाहीत, हे आधी विहारातल्या मुलांना विचारा. उत्तर लगेच सांगू नका.