बियाणं तपासतो, मग पोरांचा ग्रुप का नाही?



पाऊस अजून पेरणीजोगा नाही. मृगाच्या दोन सरी आल्या, त्यात नुसती ढेकळं भिजली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनला हात लावायचा नाही असं यंदा ठरवलंय, कारण मागं एकदा घाई करून दुबार पेरणीचा फटका खाल्लाय. म्हणून सध्या घरचं बियाणं तपासायचं काम चाललंय. गोणपाट ओलं करायचं, 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी मोजायचं. 70 च्या वर उगवले तर एकरी 30 किलो पुरतं, कमी आले तर बियाणं वाढवायचं. आमचे 82 आले.

ओळी मांडायला धाकटी बसली होती. यंदा दहावी झाली तिची, 78 टक्के पडले. दाणे मोजता मोजता म्हणाली, "पप्पा, बियाण्याला तुम्ही आठवडा दिला. दादाचा अकरावीचा फॉर्म किती वेळात भरला होता?"

20 मिनिटं. मला चांगलं आठवतंय. त्या दिवशी रोटाव्हेटरचं बेअरिंग आणायला तालुक्याला गेलो होतो, थोरला बरोबर होता, जाता जाता कॅफेत बसून फॉर्म भरून टाकला. "सायन्सच ना?" म्हणाला कॅफेवाला. सायन्सच. पुढं कॉलेजात विषय लिहून द्यायचे होते तिथं खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "गणित कशाला घेता? पीकशास्त्र घ्या, शेतकऱ्याचं पोरगं आहे, 200 मार्कांचा विषय आहे, भरपूर पडतात." मला बरं वाटलं. पीकशास्त्र म्हणजे आपलाच विषय. तो विषय दोन विषयांची जागा खातो, एक दुसरी भाषा आणि एक गणित नाहीतर जीवशास्त्र, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गणित सुटलं.

आता हे पोरगं कसलं? आठवीत असताना मोटरच्या स्टार्टरचे जळके पॉइंट घासून बसवणारं. पेरणीयंत्राच्या नळ्या तुंबल्या की मी याला हाक मारायचो. बारावीला 74 टक्के पडले आणि म्हणाला, पप्पा मला कृषी अभियांत्रिकी करायचंय, अवजारं, ठिबक, ट्रॅक्टर हेच असतं त्यात. राहुरीला कॉलेज आहे त्याचं. माहिती काढली तर कळलं, बी.एस्सी. ॲग्रीला गणित किंवा जीवशास्त्र काहीही चालतं, पण कृषी अभियांत्रिकीला गणित पाहिजेच. झालं. बोर्डाकडं 'तुरळक विषय' म्हणून नुसत्या गणिताचा फॉर्म भरता येतो, तो भरला. एक वर्ष घरी बसून दोन वर्षांचं गणित एकट्यानं केलं त्यानं. पास झाला, पण सीईटीत जेवढं लागतं तेवढं काही आलं नाही. शेवटी बारावी सायन्सवर मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं. दहावीनंतर लगेच गेला असता तर 3 वर्षांत झाला असता, तो डिप्लोमा त्याला दहावीपासून 5 वर्षांनी हातात पडला. वर्गातली निम्मी पोरं त्याच्यापेक्षा लहान. तो कधी बोलून दाखवत नाही. धाकटीनं बोलून दाखवलं.

चूक खिडकीवरच्या माणसाची नाही, कॅफेवाल्याची तर नाहीच. त्याला एका फॉर्मचे 100 रुपये मिळतात, त्यात तो पोराचं आयुष्य कशाला बघेल? चूक माझी. आणि मी एकटा नाही, म्हणून हे लिहितोय. आपल्याकडं वाण निवडताना माणूस चार जणांचं रान बघून येतो. फुले संगम घेऊ का किमया यावर पारावर तास-तास चर्चा होते. पण पोराला कोणता ग्रुप, म्हणजे गणित का जीवशास्त्र, हे कुठल्या घरात तासभर बोललं गेलंय सांगा.

माझं मत असं झालंय: पोराला पुढं काय व्हायचंय हे पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरलंच पाहिजे असं काही नाही, नाही ठरत बऱ्याच जणांचं. पण आज जो विषय सोडतोय त्यानं पुढची कोणती दारं बंद होतात, एवढं तरी फॉर्म भरायच्या आधी कळलं पाहिजे. गणित सोडलं की इंजिनिअरिंगचं बहुतेक सगळं आणि कृषी अभियांत्रिकी गेली. जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकी गेली आणि जनावरांची डॉक्टरकीही गेली, कारण बी.व्ही.एस्सी.चे प्रवेश नीट परीक्षेवर होतात. दोन्ही ठेवले तर दोन्हीकडं जाता येतं, ओझं मात्र वाढतं. पोराचं ठरलं नसेल आणि दहावीला गणित-विज्ञानात बरं असेल, तर मी तरी दोन्ही ठेवा म्हणेन. अकरावीत जड गेलं तर वाटेत एक सोडता येतं का, हे कॉलेजात आधी विचारून घ्या. सुटलेला विषय परत आणायला काय लागतं ते आमच्या घरानं बघितलंय.

आता डिप्लोमा. गावात डिप्लोमा म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो, पोरगं अभ्यासात कच्चं असणार. मी हिशोब मांडतो, तुम्ही बघा. बारावी 2 वर्षं आणि इंजिनिअरिंगची पदवी 4, एकूण 6. दहावीनंतर पॉलिटेक्निक 3 वर्षं आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला पदवी 3, एकूण 6. वर्षं सारखीच. फरक एवढाच की दुसऱ्या वाटेनं गेलेल्याच्या हातात तिसऱ्या वर्षी एक कागद असतो. घरात अडचण आली, बाप आजारी पडला, गारपिटीनं बाग झोपली, तरी पोरगं त्या कागदावर कामाला लागू शकतं. बारावी सायन्सच्या कागदावर काय मिळतं? आयटीआय दोन वर्षांचा केलेल्यालाही पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे ती वाटही तिथंच संपत नाही.

वाईट बाजूही सांगतो. पॉलिटेक्निकला पहिल्या सेमिस्टरला मराठी माध्यमाची पोरं इंग्रजीत गटांगळ्या खातात. आणि डिप्लोमावरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना तिथलं गणित जड जातं, कारण बाकीच्यांनी ते बारावीला आणि पहिल्या वर्षाला घासलेलं असतं. थोरल्याचे मित्र हेच सांगतात. त्यामुळं डिप्लोमा सोपा म्हणून कुणी पाठवू नका.

कृषी पदविकेवर मात्र माझा राग आहे, म्हणजे पदविकेवर नाही, आपल्या वागण्यावर. 85 टक्केवाल्या पोराला आपण लातूरला पाठवतो आणि 50 टक्केवाल्याला म्हणतो, जाऊदे, ॲग्री डिप्लोमाला टाक. आपल्याच धंद्याचं शिक्षण आपणच शेवटच्या पोरासाठी ठेवलंय, आणि परत ओरडायचं की बांधावर येणाऱ्या माणसाला काही येत नाही. दहावीनंतरची ही पदविका चारही कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत आहे, मराठीतून शिकता येते. कृषी सेवकाच्या भरतीला पदविकावाला चालतो. एमपीएससीची कृषी सेवा द्यायची तर मात्र पदवी पाहिजे, हे आधी माहीत असलेलं बरं. खतं-औषधांच्या दुकानाचंही तसंच. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शिक्षणाची अट आली. तेव्हा जुन्या दुकानदारांची 'देसी'ला जायची धावपळ आम्ही बघितलीय, हैदराबादच्या मॅनेज संस्थेनं 2003 मध्ये सुरू केलेला तो 48 आठवड्यांचा कोर्स. ज्यांच्या घरात कृषीची पदविका नाहीतर पदवी होती ते निवांत होते.

पण कॉलेज बघून घ्या. मे महिन्यात धाकटीला घेऊन मी असं एक खासगी कॉलेज बघून आलो. रंगीत पत्रक, एसी ऑफिस, फोनवर फोन. मी म्हणालो, ऑफिस राहूदे, प्रक्षेत्र दाखवा. पॉलिहाऊसचा कागद फाटून लोंबत होता, ठिबकच्या नळ्या गुंडाळून झाडाखाली टाकलेल्या, रानात गाजरगवत कमरेएवढं. दुसऱ्या वर्षाच्या एका पोराला विचारलं, एकराला किती पाणी लागतं ते पंपानं मोजून काढलंय का कधी? तो हसला. माझ्या रानात इतकं गवत असतं तर लोकांनी मला नाव ठेवलं असतं, आणि हे लोक शेती शिकवायची फी घेतात. तिथून आम्ही चहा न पिता निघालो. पदविकेवरून पदवीला थेट प्रवेश मिळतो असं तिथल्या माणसानं तीनदा सांगितलं. असं कुणी सांगितलं तर म्हणा, चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेत कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवा. हे नियम बदलत आलेत.

फॉर्मचंही बघा. अकरावीचा प्रवेश 2025 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय, पण पॉलिटेक्निकची प्रक्रिया वेगळी, तंत्रशिक्षण संचालनालयाची. एक भरला म्हणजे दुसरा भरला असं नाही. दोन्ही भरून ठेवा. पसंतीक्रमात पहिल्या नंबरला शेजाऱ्यानं सांगितलेलं कॉलेज टाकू नका. पहिल्या पसंतीचंच लागलं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडायची पाळी येते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास हे आत्ताच काढा, तहसीलला जूनमध्ये बैलबाजारासारखी गर्दी असते. पोरीच्या बापांना एक जास्तीचं: घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसीतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी 2024-25 पासून माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर गेली माफी.

एवढं सगळं शहाणपण सांगतोय, पण माझ्याच घरात अजून मिटलेलं नाही.

धाकटीच्या मामानं लातूरचं पक्कं करत आणलंय. क्लास, होस्टेल, मेस मिळून वर्षाला दीड लाखाच्या पुढं. सोयाबीन साडेचार हजारानं धरलं तर 33 क्विंटल, म्हणजे माझं चार एकरांचं सगळं पीक, आणि त्यात बी, खत, फवारणी, मळणी काहीच वजा केलेलं नाही. तिच्या आईचंही मत मामाकडं. मी विरोधात होतो. दोन वर्षं पोरीला कोंडून, नाव एका कॉलेजात आणि पोरगी भलतीकडं, हे मला पटत नाही, अजूनही पटत नाही.

मागच्या महिन्यात आमची गाय अडली. वासराचा एक पाय मागं दुमडला होता. पशुवैद्यक रात्री दीडला आले, मी बॅटरी धरून उभा, आणि ही पोरगी बाह्या वर करून त्यांच्या शेजारी बसली. ते सांगतील तसं दोरी धरली, सोडली. वासरू जगलं. डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा हिनं त्यांना विचारलं, "सर, तुमच्यासारखं व्हायला काय करावं लागतं?" ते म्हणाले, बारावीला जीवशास्त्र, मग नीट, मग साडेपाच वर्षं. परभणीला आहे, उदगीरला आहे कॉलेज.

म्हणजे मामा भलत्याच कारणानं बरोबर निघाला की काय, असं मला वाटायला लागलंय. त्याला ती माणसांची डॉक्टर पाहिजे, तिला गोठ्यात उतरायचंय, परीक्षा मात्र दोघांची एकच. 78 टक्क्यांवर तालुक्याच्या कॉलेजात राहून, घरून अभ्यास करून नीट निघते का? मास्तर लोक म्हणतात अवघड आहे. ती म्हणते, "एक वर्ष इथं राहून बघते, नाही झेपलं तर मीच सांगेन." आणि पॉलिटेक्निकचा फॉर्मही भरायचा म्हणते, दादासारखं अडकायचं नाही.

सध्या ठरलंय ते एवढंच. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, पीकशास्त्र नाही. सोमवारी मी, ती आणि थोरला असे तिघं तालुक्याला जाऊन कॅफेत नाही तर कॉलेजात बसून विषय लिहून देणार आहोत. थोरल्याला मुद्दाम नेतोय, खिडकीवर काय विचारायचं ते माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. त्याचा स्वतःचाही थेट दुसऱ्या वर्षाचा फॉर्म बाकी आहे. भरायचा का अवजारांच्या कारखान्यात कामाला लागायचं, यावर त्याचं आणि माझं रोज जेवताना होतंय.

परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात कुणाची लेक शिकत असेल आणि खेड्यातून, मोठ्या क्लासशिवाय गेली असेल, तर तिनं अकरावी-बारावीत अभ्यास कसा केला ते मला कळवा. पाऊस सोमवारच्या आत आला तर पेरणी मंगळवारी.