मामाची बंदूक, बंटीचं पिस्तूल

या कॉलममध्ये आपण आतापर्यंत रनिंग शूज पाहिले, हेडफोन पाहिले, एकदा तर चक्क प्रेशर कुकरही पाहिला. या वेळची फर्माईश मालवणहून आलीय आणि वस्तू आहे पिस्तूल. थांबा, लगेच पान उलटू नका!

फर्माईश करणारा आहे माझा मामेभाऊ बंटी. वय २६, तारकर्लीला होम-स्टे, शिवाय स्कूबावाल्यांशी टाय-अप. सीझनमध्ये बरा धंदा. डिसेंबरमध्ये गेस्टना कुडाळ स्टेशनवर सोडून रात्री परत येताना दोन बाइक्स आडव्या आल्या. काच फोडली, बॅग ओढली, बावीस हजार गेले. बंटीला साधं खरचटलंही नाही. पण त्यानंतर तो रात्री गाडी काढायचं टाळतो. स्टेशनचा पिकअप असला की दुसऱ्याला पैसे देऊन पाठवतो. मामीने हे मला फोनवर हळू आवाजात सांगितलं.

मग आंगणेवाडीच्या जत्रेत भेटलो, तेव्हा फुगे फोडायच्या स्टॉलवर पठ्ठ्याने दहापैकी सात फोडले आणि म्हणाला, ‘‘ताई, तू सगळ्याचे रिव्ह्यू लिहितेस ना? मग मला एक स्वस्त आणि मस्त पिस्तूल सांग. ते प्लॅस्टिकचं असतं ना, पोलिस-मिलिटरीवाल्यांचं, तसलं. जवळ ठेवायला पण होईल आणि कॉम्पिटिशनमध्ये पण उतरेन.’’

टू-इन-वन. आपल्या पिढीला सगळं टू-इन-वनच लागतं!

तर आधी ‘प्लॅस्टिक’. या फॅमिलीचा हिरो म्हणजे ऑस्ट्रियाचं ग्लॉक १७. गास्टन ग्लॉक या गृहस्थांच्या कंपनीने तोवर पिस्तूल बनवलंच नव्हतं; चाकू आणि पडद्याच्या दांड्या बनवायचे. १९८२मध्ये ऑस्ट्रियन आर्मीने त्यांचं पिस्तूल उचललं आणि जगभरातल्या पोलिसांची चॉइसच बदलली. मुठीची बॉडी पॉलिमरची, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या, सुटे भाग जेमतेम ३४. १९९०च्या ‘डाय हार्ड २’मध्ये हे पिस्तूल चिनी मातीचं असतं आणि एअरपोर्टच्या मशीनमध्ये दिसत नाही, असं ठोकून दिलंय. साफ खोटं. नळी आणि वरची स्लाइड पोलादाचीच असते आणि एक्स-रेत व्यवस्थित दिसते.

मालवणसाठी पॉलिमरचा एक पॉइंट मात्र जबरदस्त आहे. खारी हवा! इथे खिडकीचे गज, सायकलची चेन, फ्रिजचा पाय, काही म्हणता काही टिकत नाही. ‘‘लोखंडाक हंय गंज धरताच,’’ मामा म्हणतो. पॉलिमरला गंज चढत नाही. स्लाइडवर कोटिंग असलं तरी स्प्रिंग आणि पिना पोलादाच्याच, म्हणजे साफसफाई चुकत नाही.

आता निगेटिव्ह. हलकं पिस्तूल गोळी सुटताना हातात जास्त उसळतं. आणि ट्रिगर! जवळ बाळगायच्या पिस्तुलाचा ट्रिगर मुद्दाम जड ठेवतात, चुकून ओढला जाऊ नये म्हणून. ग्लॉकचा साधारण अडीच किलो. ऑलिंपिकच्या १० मीटर एअर पिस्तूलमध्ये नियमाने किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर चालतो. अडीच किलो आणि अर्धा किलो! एकात सेफ्टी, दुसऱ्यात अचूकपणा. बंटीच्या टू-इन-वनचा फंडा इथेच फसतो. परदेशात सर्व्हिस पिस्तुलांच्या वेगळ्या मॅचेस असतात, तिथे हे खपून जातं. आपली राही सरनोबत २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये गोल्ड जिंकली ती २५ मीटर पिस्तूलमध्ये, आणि ते .२२चं स्पोर्ट पिस्तूल असतं. कमरेला लावून फिरायची वस्तूच नाही ती.

आणि खरी गोम पुढेच आहे, बॉस. हे पिस्तूल तुम्हाला-मला मिळतच नाही. ९ एमएम आपल्याकडे ‘प्रोहिबिटेड बोअर’ आहे. अमेरिकेत पाच-सहाशे डॉलरला काउंटरवर मिळतं, तेच इथे कायद्याने सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. पुण्यात पाषाणच्या एआरडीईने आर्मीच्या लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्यासोबत ‘अस्मि’ हे मशीन पिस्तूल चार महिन्यांत उभं केलं. २०२१मध्ये जाहीर झालं तेव्हा एकाचा उत्पादन खर्च पन्नास हजारांच्या आत सांगितला होता आणि खालची बॉडी चक्क कार्बन फायबरची. अफोर्डेबल आणि मराठी डोकं! पण तेही फौजेसाठीच.

आपल्यासाठी उरतं ते .३२. २०१४मध्ये कानपूरच्या कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं. वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. (ऑफिसला जाणाऱ्या कुठल्या मुलीच्या बजेटात हे बसतं, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता.) २०२३मध्ये ‘प्रबल’ आलं, ७०० ग्रॅम, पन्नास मीटर रेंजचा दावा. दोन्ही पक्की धातूची, पॉलिमर विसरा. लायसनसाठी वय २१ पूर्ण, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पोलिस व्हेरिफिकेशन आणि कारण. लग्नात हवेत बार काढलात तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे सगळं मी ओट्यावर बसून वाचून दाखवत होते. मामा आतून त्याची सिंगल बॅरल घेऊन आला. शेती संरक्षणाचं लायसन, आजोबांच्या वेळेपासून घरात. मारायला नव्हे, बार काढून माकडं आणि डुकरं पळवायला. शिलाई मशीनचं तेल लावत म्हणाला, ‘‘इलेक्शन इला की ही पोलिस स्टेशनात.’’ २०२४च्या लोकसभेला आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनपर्यंत, म्हणजे ऐन काजूचा सीझन. बंदूक जमा, आणि माकडांना कसली आचारसंहिता!

मग त्याने बंटीकडे पाहिलं. ‘‘बरा, पिस्तूल तुझ्याकडे आसा म्हणून धर. काच फुटली. आता काय करतलंस?’’

बंटी खुर्चीत गाडीसारखा बसला. स्टिअरिंग धरलं. पिस्तूल कुठे? डॅशबोर्डच्या कप्प्यात. डावा हात कप्प्याकडे गेला, तोवर मामाने मांडीवरचा टॉवेल ओढून घेतला. परत केलं. या वेळी पिस्तूल कमरेला. पण मध्ये सीट बेल्ट. तिसऱ्यांदा त्याने बेल्ट लावलाच नाही, आणि दोन बोटांचं पिस्तूल वेळेत बाहेर आलं. ‘‘मार मगे,’’ मामा म्हणाला. बंटीची बोटं तशीच राहिली. ‘‘एक जण लहान होता रे,’’ तो म्हणाला. ‘‘शाळेतला असेल.’’ हे त्याने आम्हाला कुणालाच आधी सांगितलं नव्हतं.

मामीने चहा आणला.

मी स्वतः पुण्यात एका क्लबवर एअर पिस्तूल ट्राय केलंय. वजन किलोभर, एका हातात, हात सरळ. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. दहाव्या शॉटला माझा खांदा थरथरत होता. मॅचमध्ये ६० मारायचे असतात, सव्वा तासात. पॅरिसला २०२४मध्ये तो तुर्कस्तानचा युसुफ डिकेच खिशात हात घालून सिल्व्हर घेऊन गेला ते दिसतं तेवढं सोपं नाही. (त्याच इव्हेंटचं ब्राँझ आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगला.) पण ४.५ एमएमची आणि २० ज्यूलच्या आतली एअर पिस्तुलं लायसनशिवाय मिळतात. कॉम्पिटिशन हवी ना? मग माझा रिव्ह्यू इतकाच: हे घे. आणि जवळ बाळगायला काही घेऊ नकोस.

बंटीने पहिलं अर्धं ऐकलं. होम-स्टेच्या टेबलावर क्यूआर कोड आलाय, स्टेशनच्या पिकअपचं भाडंही गेस्ट आधीच ऑनलाइन भरतात. गाडीत रोकड नसते. रात्रीची गाडी मात्र अजून दुसराच नेतो. लायसनचा फॉर्म त्याने आणलाय. नाव, पत्ता, जन्मतारीख भरलीय, कारणाचा रकाना कोरा. कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवलाय, मामी म्हणाली.

परवा त्याचा मेसेज आला. पनवेलला सुमा शिरूर यांचा जो शूटिंग क्लब आहे, तिथे नवख्यांना घेतात का, आणि सकाळची कुठली गाडी बरी पडेल?