तास सुटतो, गाडी सुटते

जुलै सरत आला की तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात नोटीस बोर्डापुढे गर्दी होते. वेळापत्रक लागलेलं असतं. हल्ली ते मोबाईलवरही येतं, पण बोर्डापुढची गर्दी काही हटत नाही, कारण तिथं ते वाचायचं नसतं, एकमेकींशी ताडून पाहायचं असतं. तुझे तास किती वाजता सुटतात? तुझी बॅच कोणती? शनिवारी तुला यावं लागतं का? बोदवडला शेलवड, येवती, जामठी, मनूर अशा आसपासच्या गावांतून मुली येतात. त्यांचं बोलणं जरा कान देऊन ऐकावं. विषय कोणता, शिकवणार कोण, यापेक्षा गाडी कोणती मिळेल यावरच त्यांची चर्चा जास्त चालते.

मुलगा म्हणतो, "माझं प्रॅक्टिकल दोन ते पाच." त्याच्या दृष्टीने एवढीच ती माहिती. मुलगी तेच वाक्य ऐकते आणि मनात हिशेब मांडते. पाचला सुटणार, स्टँडवर पोचेपर्यंत गाडी गेलेली, पुढची दिवेलागणीला, आणि मग फाट्यापासून गावापर्यंत चालत. पहिल्या दिवशी कुणी काही बोलणार नाही. आठ दिवसांनी बोलतील. बॅचेस पडतात हजेरीपटाच्या क्रमाने, आणि हजेरीपट बहुधा आडनावाच्या अक्षराने लागतो. एखादीचं बी.एस्सी. होणार की राहणार हे तिच्या आडनावावर ठरावं, इतकी ही गोष्ट साधी आणि भयंकर आहे.

मग बारावी सायन्सला चांगले गुण मिळवलेली मुलगी बी.ए.ला येते. "आपल्याकडे ये, साडेअकराला मोकळी होशील," असा सल्ला तिला मैत्रीणच देते, आणि तो प्रेमानेच दिलेला असतो. पुढे आपण चर्चासत्रांत म्हणतो की ग्रामीण मुलींचा ओढा कला शाखेकडे आहे. ओढा कसला! गाडी कला शाखेच्या वेळेला आहे.

कॉलेजच्या वेळापत्रकाखाली मुलींचं आणखी एक वेळापत्रक असतं, ते कुठल्याच बोर्डावर लागत नाही. बोदवड परिसराचं पाण्याचं दुखणं जुनं. नळाला पाणी सुटायचं असलं की त्या दिवशी घरात कुणीतरी थांबायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे कॉलेजातली मुलगी. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला येतो, तेव्हा आई पहाटेच शेतात जाते. स्वयंपाक, धाकटी भावंडं, म्हातारी आजी मुलीकडे. पहिल्या सत्राची परीक्षाही नेमकी त्याच सुमारास. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम सर्वांना सारखाच, पण भावाची हजेरी आणि बहिणीची हजेरी सारख्या कष्टाने भरत नाही.

आणि मधला ऑफ तास! हा विषय किरकोळ वाटतो, पण मुलींशी बोलायला बसलं की सगळ्यात जास्त वेळ त्यावरच जातो. नवाचा तास झाला, पुढचा बाराला. मधले दोन तास मुलगा चहाच्या टपरीवर जातो, मित्राच्या खोलीवर जातो, कुणी त्याला विचारत नाही. मुलीने जायचं कुठे? वाचनालयात जागा असली तर बरं. मुलींचा कक्ष कागदोपत्री असतो. पुष्कळ ठिकाणी त्याला कुलूप असतं नाहीतर तिथं जुने बाक रचलेले असतात. स्टँडवर बसली तर गावाकडचा कुणी ना कुणी पाहतो, आणि ती घरी पोचायच्या आत बातमी पोचते की पोरगी कॉलेज सोडून स्टँडवर बसते. दोन तास काही न केल्याबद्दल लग्नाची घाई सुरू झालेली घरं आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत असतील. म्हणून मुली सलग तास मागतात. प्राध्यापकांना तो आळस वाटतो, "लवकर पळायला बघतात" असं ते म्हणतात. तो आळस नाही, संरक्षण आहे.

एसटीच्या पासाचंही पाहू. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत पास आहे, तो बारावीपर्यंत. बारावी झाली की योजना संपते. पुढे पदवीला गेलेल्या मुलीने इतर विद्यार्थ्यांप्रमाणे सवलतीच्या पासाचे एक तृतीयांश पैसे भरायचे. १७ मार्च २०२३ पासून सर्वच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा उपयोग झालाच. पण रोज जाणाऱ्या मुलीला अर्धं तिकीट पासापेक्षा महाग पडतं. जिथून घरचे "आता पुरे" म्हणू लागतात, नेमकं तिथंच सरकारनेही हात आखडता घ्यावा, हे कुणी मुद्दाम ठरवलं नसेल, पण होतं ते असंच. त्यात बोदवडला येणाऱ्या गाड्या भुसावळ, मुक्ताईनगर, जामनेरकडून येतात. त्यांच्या वेळा ठरवताना कॉलेज कधी सुटतं हे कुणी विचारतं का? २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण एसटीवाचून मुलीचं कॉलेज म्हणजे काय उरतं, ते त्या महिन्यांत दिसलं.

आता या साऱ्यावर नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. मेजर, मायनर, दुसऱ्या विद्याशाखेचा ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा विषय, भाषा, मूल्यशिक्षण, पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. पूर्वी एका वर्गाचं एक वेळापत्रक असे. आता शेजारी बसलेल्या दोघींचेही तास वेगळे. गावच्या चौघीजणी एकत्र येत-जात, हीच त्यांची घरच्यांकडून मिळवलेली परवानगी होती. चौघींची निवड वेगळी झाली की ती परवानगी मोडते. म्हणून मुली निवड वेगळी करतच नाहीत, चौघी मिळून एकच ओपन इलेक्टिव्ह घेतात. निवडीचं स्वातंत्र्य कागदावर वाढलं आणि सोबतीची गरज होती तिथंच राहिली.

या धोरणातली एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवी. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. घरचे याचा अर्थ लगेच लावतात: "सर्टिफिकेट मिळतंय ना? झालं तर मग." पण पहिल्या वर्षाचे श्रेयांक झाले म्हणजे प्रमाणपत्र हातात पडलं असं नाही, त्यासाठी चार श्रेयांकांचं जादा कौशल्याचं काम करावं लागतं, हे किती पालकांना कुणी सांगितलं? आणि बाहेर पडलेल्या मुलीला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते, हेही तिला सांगायला हवं. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीसाठी हे दार आहे. मात्र ते दार उघडं आहे हे सासरच्या गावात तिला कोण सांगणार, याचा विचार आपल्या गटांनीच करायचा आहे.

यावर एक सोपा उपाय नेहमी सुचवला जातो: मुक्त विद्यापीठातून कर, घरी बसून परीक्षा दे. मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून असंख्य बायांना पदवी दिली, त्याचं मोल मोठं आहे. पण अठरा वर्षांच्या मुलीला घरी बसवण्यासाठी त्याचा आधार घेतला जातो, तेव्हा तिचं रोजचं बाहेर पडणंच काढून घेतलं जातं, आणि शिक्षणातली निम्मी कमाई त्या बाहेर पडण्यातच असते.

शिकणाऱ्याच्या दिवसाकडे पाहून शाळेची वेळ ठरवता येते, हे काही नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती याच जाणिवेतून. आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, ज्या बाईला शाळेचा उंबरठा लाभला नाही तिचं. नावाच्या पाटीबरोबर तिच्या दिवसाचाही विचार व्हावा.

प्राचार्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. खोल्या कमी, जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-दोन कॉलेजांत धावणारे. त्यांत बायाही पुष्कळ आणि त्यांचीही गाडी चुकतच असते. तरी मार्ग निघतो. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती सांगितली आहे, आणि तिच्या स्थानिक सदस्यांत समाजसेवेच्या क्षेत्रातली व्यक्ती घेता येते. त्या जागेवर आपल्या परिसरात कोण बसलंय, याची चौकशी करा. वेळापत्रक लागण्याआधी, जूनमध्येच, गावोगावच्या मुलींकडून गाड्यांच्या वेळा लिहून घ्या आणि समितीपुढे ठेवा. लांबच्या मुलींना प्रॅक्टिकलची बॅच आडनावाने न देता गाडीच्या वेळेने द्या, या मागणीला पैसा लागत नाही. मुलींच्या कक्षाचं कुलूप काढायलाही लागत नाही. आगार व्यवस्थापकाला अर्ज देताना गावाचं नाव, मुलींची संख्या आणि शेवटचा तास सुटण्याची वेळ लिहा, कॉलेजचं पत्र जोडा, पोच घ्या. सत्र बदललं की तास बदलतात, म्हणून हा अर्ज वर्षातून दोनदा करावा लागेल.